कळफलकाचा भरवसा

रत्नागिरीत लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त काय बदलावं लागतं? उत्तर एकच येईल, कीबोर्ड. खारं वारं आणि पावसाळ्यातली दमट हवा कळांखालच्या पातळ पापुद्र्यात शिरते. त्यावरच्या रेघा काळ्या पडतात आणि मग एखादी कळ दाबूनही उमटत नाही, नाहीतर एकदा दाबली की दोनदा उमटते. मिरकरवाडा, मांडवी, पेठकिल्ला या बाजूचं गिऱ्हाईक असेल तर यंत्र उघडण्याआधीच आतली अवस्था मला कळते.

शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी या व्यवसायात आले. दुरुस्तीचा गाळा आणि त्याच्या जोडीला कार्यालयांची वर्षभराची देखभाल, म्हणजे आमच्याकडे ज्याला एएमसी म्हणतात ती, असं माझं काम आहे. करसल्लागार, वकील, पतसंस्था, आंब्याचे निर्यातदार, मासळीचे व्यापारी, शाळा अशा सगळ्यांच्या यंत्रांत मी हात घातला आहे. पगार, कर्जं, कोर्टातले दावे, परीक्षेचे अर्ज, घरच्यांना लिहिलेल्या मेल, हे सगळं या कळांवरून गेलेलं असतं. कळ नीट उमटली की काम झालं, असं आमच्या धंद्यात धरून चालतात. ती उमटली त्याच क्षणी आणखी कुठे नोंदली गेली का, हे मात्र आमच्यापैकी कुणी विचारत नव्हतं. २०१७ साली तो प्रश्न समोर आला आणि तेव्हापासून तो माझ्या रोजच्या कामाचा भाग झाला आहे.

त्या वर्षी ११ मे रोजी स्वित्झर्लंडमधल्या मॉडझीरो या सुरक्षा-तपासणी करणाऱ्या कंपनीने एक अहवाल जाहीर केला. थॉर्स्टन श्रोडर या संशोधकाने केलेला हा शोध होता. एचपीच्या एलिटबुक, प्रोबुक, झेडबुक अशा कार्यालयीन वापराच्या लॅपटॉपवर कोनेक्झंट या कंपनीचा आवाजाचा ड्रायव्हर कारखान्यातूनच बसवून येत असे. त्या ड्रायव्हरसोबत ‘मिकट्रे६४’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. तुम्ही लॉगिन केलंत की तो आपोआप सुरू होई आणि कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवी.

दुसऱ्याच दिवशी, १२ मे रोजी, जगभर वॉनाक्रायचा हल्ला झाला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो प्रकार टीव्हीवर दिवसभर दाखवत होते. माझा फोन थांबत नव्हता. ‘ताई, आमच्याकडे येईल का तो?’ ‘मशीन चालूच करू नको का?’ आंब्याचा हंगाम भरात होता, निर्यातदारांची कागदपत्रं अडकून चालणार नव्हती. त्या गडबडीत आदल्या दिवशीची बातमी बाजूला पडली. मला मात्र ती जास्त अस्वस्थ करत होती. वॉनाक्राय बाहेरून येणारा होता, त्याच्यासाठी विंडोजचं अपडेट टाकता येत होतं, लोक घाबरून का होईना सावध झाले होते. इथे यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या शिक्क्यानिशी, खोक्यातून, हमीपत्रासकट आलेला प्रोग्रॅम कळा टिपत होता. नवीन सीलबंद लॅपटॉपमध्ये काही गडबड असेल अशी शंका आमच्याकडे कुणाला यायचं कारणच नव्हतं.

आवाजाच्या ड्रायव्हरला कीबोर्डशी काय काम, असा प्रश्न पहिल्यांदा मलाही पडला. उत्तर साधं आहे. या लॅपटॉपवर मायक्रोफोन बंद-चालू करायची एक खास कळ असते. ती दाबली गेली हे ड्रायव्हरला कळायला हवं. त्यासाठी विंडोजमध्ये एक सोय आहे. एखादा प्रोग्रॅम ‘प्रत्येक कळ आधी मला दाखव’ अशी मागणी विंडोजकडे करू शकतो. कळ आली, आपली नसली तर पुढे सोडायची, आपली असली तर मायक्रोफोन बंद करायचा, एवढंच काम होतं. पण प्रोग्रॅम तयार करताना तो नीट चालतो का हे पाहण्यासाठी अभियंते सगळ्या हालचालींची नोंद लिहून घेतात. ती चाचणीची नोंद विक्रीच्या यंत्रातही चालू राहिली. पुरवठादाराने चाचणीसाठी लिहिलेला भाग चुकून अंतिम आवृत्तीत राहिला आणि ग्राहकांची माहिती आपल्यापर्यंत आलेली नाही, असं एचपीने तेव्हा स्पष्ट केलं आणि लगोलग दुरुस्ती दिली. हेतू वाईट होता असं मानायला कुठलाच आधार नाही. तरीही परिणाम गंभीरच होता.

तो का, ते फाइलच्या जागेवरून समजतं. ही नोंद सी ड्राइव्हवर ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात पडत होती. त्या यंत्रावर ज्याचं ज्याचं खातं आहे, त्या प्रत्येकाला हा फोल्डर वाचता येतो. घरातल्या तिजोरीचा हिशेब वहीत लिहून ती वही पडवीत उघडी ठेवावी, तसं हे होतं. कुठल्याही साध्या व्हायरसला मोठे अधिकार न मिळवता ती फाइल उचलून नेता आली असती. दर लॉगिनला जुनी नोंद पुसून नवी सुरू होई, म्हणून काहींना धोका लहान वाटला. पण आमच्याकडची कार्यालयं मी रोज पाहते. लॅपटॉप बंद करायची सवय फार थोड्यांना आहे. झाकण मिटायचं, सकाळी उघडायचं, असं आठवडेच्या आठवडे चालतं, मग नोंदही तेवढीच लांबत जाते. शिवाय पतसंस्थांमध्ये रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप घेतात. सगळी सी ड्राइव्ह बॅकअपला लावलेली असेल तर मूळ फाइल पुसली गेली तरी तिच्या जुन्या प्रती हार्डडिस्कवर शिल्लक राहतात. हा मुद्दा मॉडझीरोच्या अहवालातही होता.

फाइल उघडून पाहिली तरी सामान्य माणसाला काही कळलं नसतं. तिच्यात अक्षरं नव्हती, प्रत्येक कळेचा ठरलेला सांकेतिक क्रमांक होता. एका सरकारी कार्यालयातल्या लिपिकताईंना हे सांगत होते तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आमचं सगळं मराठीत असतं हो. मराठी कोण वाचणार त्यातून?’ म्हणून मी त्यांच्यासमोर कागद घेतला. इन्स्क्रिप्टवर ‘रत्नागिरी’ लिहायला कुठल्या कळा लागतात? जे, एल, डी, व्ही, ई, आय, एफ, जे, आर. नोंदीत या नऊ कळांचे क्रमांक पडतील. इन्स्क्रिप्टचा तक्ता कुठेही मिळतो. तो समोर ठेवला की शाळकरी पोरही ‘रत्नागिरी’ परत जुळवील. श्रीलिपी असो, फोनेटिक असो, कळफलक ठरलेला असला की उलटा प्रवास सोपा असतो. आणि पासवर्ड तर बहुतेक सगळे इंग्रजी अक्षरांतच टाकतात. ताईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि त्या दिवशी सगळ्यांचे पासवर्ड बदलून घेतले.

त्या वर्षी आमच्या गावात कुणाच्या कीबोर्डवरून काय काय जात होतं, हे आठवलं म्हणजे या गोष्टीचं वजन कळतं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्याआधीचे महिने करसल्लागारांच्या कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत होते. जुन्या व्हॅट क्रमांकावरून नव्या नोंदणीवर यायचं, त्यासाठी प्रत्येक व्यापाऱ्याचा पॅन, मोबाईल, ईमेल, पासवर्ड. किराणावाला, औषधांचा दुकानदार, बर्फ कारखानदार, हॉटेलवाला अशा सगळ्यांची खाती एकाच लॅपटॉपवरून उघडली जात. डिजिटल सहीचा डोंगल लावला की त्याचा पिनही त्याच कीबोर्डवर टाकला जाई. जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेची घोषणा झाली आणि कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले. मग आपले सरकार सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. आयुष्यात कधी कीबोर्डला हात न लावलेला शेतकरी आपला आधार क्रमांक मोठ्याने सांगतो आहे आणि समोरचा मुलगा टाइप करतो आहे, असं चित्र तालुक्यातालुक्यात होतं. कळा दुसऱ्याच्या, माहिती त्याची.

अशा वेळी मी देखभालीच्या कार्यालयांत एकेक करून यंत्रं तपासायला गेले. मॉडेल क्रमांक पाहायचा, ड्रायव्हरची आवृत्ती पाहायची, पब्लिक फोल्डर उघडायचा, दुरुस्त ड्रायव्हर घालायचा, जुनी नोंद असेल तर ती बॅकअपसकट पुसायची, मग पासवर्ड बदलायला सांगायचं. टिळक आळीच्या बाजूला बसणारे एक ज्येष्ठ करसल्लागार माझं बोलणं ऐकून खुर्चीत मागे टेकले.

‘म्हणजे माझ्या पक्षकारांचे पासवर्ड कुणी नेले का गं?’

‘नेले असं म्हणायला काही पुरावा नाही, काका. यंत्रावर लिहून राहिलेत का, ते आधी बघू.’

‘आणि राहिले असतील तर त्या सगळ्यांना मी काय सांगू?’

‘जे आहे ते सांगा. पासवर्ड बदला म्हणा.’

ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘चाळीस वर्षं लोकांच्या वह्या माझ्याकडे आहेत. एक पान बाहेर गेलेलं नाही. बघ तू नीट.’ कुणाच्या यंत्रात काय आढळलं हे मी लिहिणार नाही, कारण ज्याचं यंत्र त्याची ती गोष्ट. पण त्या काकांचं वाक्य मला आजही महत्त्वाचं वाटतं. चार दशकं सांभाळलेला शब्द एका चाचणी-नोंदीमुळे धोक्यात येऊ शकतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. यात त्याचा दोष कुठे शोधणार?

बाईमाणूस दुकान चालवते म्हटल्यावर मुली आणि बायका माझ्याकडे यंत्रं जरा निर्धास्तपणे घेऊन येतात. त्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं, ‘घरात लॅपटॉप एकच आहे. माझं खातं वेगळं आहे, पासवर्ड वेगळा आहे. मग मला काळजी नको ना?’ मला सांगावं लागलं की असल्या दोषात वेगळ्या खात्याची भिंत उपयोगाची नव्हती, कारण नोंद सामायिक जागेत पडत होती. कीबोर्डवरून जाणारं सगळं काही पैशाशी संबंधित नसतं. वकिलाला लिहिलेली मेल असते, डॉक्टरांना विचारलेला प्रश्न असतो, माहेरी कळवलेली अडचण असते. बँकेचा पासवर्ड बदलता येतो. एकदा दुसऱ्याने वाचलेली मेल परत न वाचलेली करता येत नाही. दोष जाहीर झाल्यावर बहुतेक चर्चा बँक खात्यांची झाली, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. वर्तमानपत्रातली ती बातमी मी दुकानात भिंतीला लावली होती. हा अधिकार सरकारच्या संदर्भात सांगितलेला आहे, हे मला माहीत होतं. पण एखाद्या माणसाने बंद खोलीत टाइप केलेलं त्याचंच असतं, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने गांभीर्याने म्हटलं, याचा मला आधार वाटला.

वर्ष संपता संपता, डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी बातमी आली. मायकल मिंग नावाचा एक संशोधक एचपीच्या लॅपटॉपच्या कीबोर्डचा दिवा आपल्या मर्जीप्रमाणे लावता येतो का, ते पाहत होता. त्यासाठी तो सिनॅप्टिक्स कंपनीचा टचपॅडचा ड्रायव्हर उलगडून वाचू लागला, तर त्यात कळा टिपून ठेवणारा भाग सापडला. हा भाग मुळात बंद होता. तो चालू करायला विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद बदलावी लागत होती आणि त्यासाठी यंत्राचे प्रशासकीय अधिकार हवे होते. म्हणजे मे महिन्यातल्या प्रकारापेक्षा हा सौम्य होता. पण एचपीने दिलेल्या यादीत ४६० हून जास्त मॉडेलं निघाली, काही २०१२ पर्यंत मागे जाणारी. सिनॅप्टिक्सचं म्हणणं असं की हे चाचणीचं साधन आहे, त्याला कळचोर म्हणू नये. त्याच वर्षी सिनॅप्टिक्सने कोनेक्झंट ही कंपनीही विकत घेतली होती.

बंद असलेला भाग धोकादायक कसा, असं मला पुष्कळांनी विचारलं. याचं उत्तर कामाच्या अनुभवातून देता येतं. यंत्रात शिरलेल्या चोरट्या प्रोग्रॅमला अँटिव्हायरस पकडतो, कारण तो परका असतो. पण चोरट्याने स्वतः कळा न टिपता कंपनीच्या सहीच्या ड्रायव्हरलाच ते काम लावलं तर अँटिव्हायरस त्याच्याकडे बोट दाखवत नाही. ओळखीच्या माणसावर पहारेकऱ्याची नजर नसते. पुढच्या काही वर्षांत हेच तंत्र मोठ्या प्रमाणात वापरलं गेलं. मे २०२१ मध्ये सेंटिनेललॅब्सने डेलच्या एका ड्रायव्हरमधला दोष जाहीर केला. तो ड्रायव्हर २००९ पासून डेलच्या यंत्रांवर येत होता आणि त्यातून साध्या वापरकर्त्याला यंत्राचे पूर्ण अधिकार मिळवता येत होते. त्याच वर्षी हल्लेखोरांनी तो दोषी ड्रायव्हर मुद्दाम सोबत आणून वापरल्याचं ईसेट कंपनीने पुढे दाखवून दिलं. त्याआधी फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर आधीच बसवून दिलेल्या सुपरफिश या जाहिरातींच्या प्रोग्रॅममुळे बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा कुलूपबंद संवादही उघडा पडू शकतो, हे समोर आलं होतं. ही मोठी नावं मी कुणाला बदनाम करायला घेत नाही. एका कंपनीवर फुली मारून दुसरीचं यंत्र घेतलं की प्रश्न सुटला, असं समजणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी घेते.

कंपन्यांनी दुरुस्त्या दिल्या, यादी प्रसिद्ध केली, बातम्या आल्या आणि विषय संपला, असं मुंबई-पुण्याहून वाटू शकतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते आणि ती मला माझ्या टेबलावर दिसते. कंपनीचा सुरक्षा-इशारा ज्या ईमेलवर यायचा, तो ईमेल बहुतेक वेळा विकणाऱ्या दुकानदाराचा असतो. लॅपटॉप विकताना दुकानातला मुलगा नोंदणी उरकून टाकतो आणि गिऱ्हाइकाला मेल पाहायची सवय नाही म्हणून स्वतःचा पत्ता घालतो. मग इशारा येतो तो दुकानाच्या इनबॉक्समध्ये, शेकडो जाहिरातींच्या खाली. दुसरं म्हणजे अपडेट. पूर्वी नेटचा पॅक संपतो म्हणून आणि आता यंत्र मंद होतं म्हणून ‘ते अपडेट तेवढं कायमचं बंद करून द्या’ ही मागणी मी अजून ऐकते. वाईट अनुभवामुळे लोक असं म्हणतात. ऐन रिटर्न भरायच्या दिवशी पडद्यावर टक्केवारी फिरत बसली की कुणाचाही संताप होईल. पण ते बटण बंद केलं की दुरुस्तीची वाटही बंद होते.

तिसरी गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंना टोचेल, तरी लिहिते. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे एक पेनड्राइव्ह असतो आणि त्यात वर्षानुवर्षं जमवलेले ड्रायव्हर असतात. ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हटलं की विंडोज टाकायची, पेनड्राइव्ह लावायचा, आवाज आला, टचपॅड चालला, यंत्र तयार. कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन मॉडेलप्रमाणे ताजा ड्रायव्हर शोधण्यात वेळ जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही. मग जगातून काढून टाकलेला २०१६ चा सदोष ड्रायव्हर २०२० मध्ये एखाद्या स्वच्छ यंत्रावर पुन्हा बसतो, आणि तो बसवणारा दुरुस्तीवालाच असतो.

चिपळूणच्या पुरानंतर याचं आणखी एक रूप मी पाहिलं. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि पुढचे कित्येक आठवडे चिखलाने भरलेली यंत्रं रत्नागिरीत येत होती. दुकानं, दवाखाने, कार्यालयं, सगळ्यांचीच. बोर्ड धुवायचे, वाळवायचे, हार्डडिस्क वाचते का पाहायचं, हेच आमचं काम. ज्यांचे लॅपटॉप वाचले त्यांचीही विंडोज नीट चालत नव्हती, म्हणून यंत्रातच दडलेल्या रिकव्हरीच्या जागेतून ते पूर्ववत करायचे. रिकव्हरी म्हणजे यंत्र कारखान्यातून निघालं त्या दिवसाच्या अवस्थेला परत जातं. गाणी, फोटो, हिशेब जातात आणि त्या दिवशीचा जुना ड्रायव्हर परत येतो. सगळं गमावलेला दुकानदार यंत्र चालू झालं याच आनंदात असतो, लगेच बँकेत लॉगिन करून विम्याचे अर्ज भरायला बसतो. अशा माणसाला ‘थांबा, आधी अपडेट होऊ दे’ म्हणायला जीव होत नाही. तरीही ते म्हणावं लागतं. तेवढा वेळ मी त्यांना दुकानातलं माझं यंत्र वापरायला देत असे.

आणि सगळ्यात मोठी वाट आहे ती वापरलेल्या लॅपटॉपची. मे २०१७ मध्ये ज्या मालिकांची नावं आली, त्या मुख्यतः कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या. मोठ्या शहरांतल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी अशी यंत्रं एकगठ्ठा काढून टाकतात. ती पुसूनपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात आणि तिथून आमच्याकडे. मजबूत बांधणी, किंमत निम्म्याहून कमी. २०२० च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा कितीतरी पालकांनी मुलांसाठी असलेच लॅपटॉप घेतले, आणि त्या परिस्थितीत ते योग्यच होतं. पण याचा अर्थ असा की धोका जाहीर झाला तेव्हा ती यंत्रं महानगरांतल्या कार्यालयांत होती, जिथे त्यांची निगा राखायला संगणक विभाग होते. इशाऱ्याची बातमी शिळी झाल्यावर ती आमच्या गावांत आली, जिथे निगा राखायला कुणी नव्हतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. यांतली बरीच जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. हे असंच आणखी एका पिढीच्या यंत्रांबाबत घडणार आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. सायबर धोक्यांचे इशारे देण्यासाठी केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून काम करते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं स्वतंत्र प्रकरण आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे सगळं आवश्यक आहे. पण मंडणगडच्या किंवा राजापूरच्या माणसाला त्याच्या लॅपटॉपच्या मॉडेलमध्ये दोष निघाला हे त्याच्या भाषेत, त्याच्या फोनवर कळवायची सक्ती झाली तर त्याचा उपयोग जास्त होईल. मोटारीत दोष निघाला तर कंपनी गाडी परत बोलावते, मालकाला पत्र पाठवते. कीबोर्डवरून माणसाचं आयुष्य जातं, त्याच्या बाबतीतही तेवढीच काळजी घेतली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तोवर आपण काय करायचं, ते सांगते. लॅपटॉप नवा असो की वापरलेला, नोंदणी स्वतःच्या ईमेलवर करा. दुकानदाराला त्याचा पत्ता घालू देऊ नका. पहिल्या दिवशी विंडोजचं अपडेट आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचे आपल्या मॉडेलचे ताजे ड्रायव्हर टाकून घ्या आणि मगच बँकेचं किंवा कराचं खातं उघडा. फॉरमॅट किंवा रिकव्हरी झाली की हाच क्रम पुन्हा करा. ज्या खात्याला मोबाईलवरच्या ओटीपीची सोय आहे तिथे ती चालू ठेवा, कारण नुसता पासवर्ड टिपला गेला तरी खातं उघडणार नाही. बँकेच्या पानावरचा माऊसने चालणारा कळफलक उपयोगाचा असतो, पण विंडोजमधला पडद्यावरचा कीबोर्ड त्या कामाचा नाही. तो खऱ्या कळा दाबल्यासारखेच संदेश पाठवतो आणि टिपणाऱ्याला ते दिसतात. सेवा केंद्रात आपली माहिती दुसऱ्याला टाइप करायला सांगत असाल तर काम झाल्यावर घरी येऊन पासवर्ड बदला. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

आणि माझ्याच कामातल्या भावंडांना एवढंच सांगायचं आहे. पेनड्राइव्हमधलं जुन्या ड्रायव्हरांचं फोल्डर आज पुसून टाका. दुरुस्तीचं बिल करताना मॉडेल क्रमांक आणि घातलेल्या ड्रायव्हरची तारीख बिलावर लिहा. त्या मॉडेलबद्दल पुढे इशारा आला तर गिऱ्हाइकाला फोन करा. गावातल्या माणसापर्यंत हा इशारा पोहोचवणारं आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही. कळ उमटते का हे आपण पाहतोच. ती आणखी कुठे उमटते का, हेही पाहूनच यंत्र मालकाच्या हातात द्यायचं, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत.